ज्या शहराला पाणी, त्या शहरातून बस

डोंगरातल्या धरणांच्या काठाने जाणाऱ्या वाटा मला शिखरांच्या वाटांपेक्षा जास्त आवडतात. ट्रेकर मित्रांशी यावरून वाद झालेत, पुढेही होतील. पण आज मला त्या वाटांपर्यंत नेणाऱ्या बसबद्दल लिहायचंय. माझं म्हणणं असं : ज्या शहराला एखाद्या जलाशयाचं पाणी जातं, त्या शहरातून त्या जलाशयापर्यंत सार्वजनिक बस गेलीच पाहिजे. आणि तिथल्या पायवाटा बसथांब्यापासून सुरू व्हायला हव्यात, वाहनतळापासून नव्हे.

आधी वाट कशी असते ते सांगतो. धरण बांधताना दगड वाहायला केलेले रस्ते, डोंगरउतारावरचं पाणी वळवून आणायला खणलेले चर, त्या चरांवर देखरेख करणाऱ्यांनी वापरलेल्या वाटा, हे सगळं काठाच्या थोडं वर, बरंचसं एकाच पातळीत राहतं. चढ-उतार कमी. गुडघे कुरकुरणाऱ्यांना, लहान मुलांना घेऊन निघालेल्यांनाही दिवसभर डोंगरात चालता येतं ते अशाच ठिकाणी. अंतराच्या बाबतीत मात्र ही वाट फसवते. प्रत्येक ओढ्याच्या खोबणीत पाणी आत शिरलेलं असतं. वाटही त्याच्यासोबत आत जाते, ओढा ओलांडते आणि पलीकडच्या अंगाने बाहेर येते. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो आणि तिथे पोहोचायला तास जातो. भंडारदऱ्याला गेलेल्यांना हे माहीत आहे : रतनवाडी होडीने जवळ, काठाने लांब.

म्हणून तर बस हवी. मोठ्या जलाशयाची पूर्ण प्रदक्षिणा एका दिवसात होत नाही. गाडीने आलेला माणूस निम्म्यात परत फिरतो, कारण गाडी जिथे लावली तिथेच त्याला यायचं असतं. बसने आलेला एका टोकाला उतरतो, दुसऱ्या टोकाला चढतो. हाँगकाँगच्या ताई तामला हे फार सुंदर जमून आलंय. वरच्या खिंडीत बसमधून उतरायचं आणि पाण्याच्या कडेने खाली येत राहायचं. एकामागोमाग चार तलाव लागतात. सगळ्यांत वरचं धरण १८८८ चं, सगळ्यांत खालचं १९१७ चं. वाटेत दगडी कमानींचे जुने पूल आहेत. खाली डांबरी रस्त्याला लागलात की परतीची बस. तो रस्ता खालच्या धरणाच्या भिंतीवरूनच जातो आणि शहराच्या दुमजली बस त्या अरुंद भिंतीवरून रोज ये-जा करतात. ज्यांच्या नळाला हे पाणी येत आलं, त्यांना ते बसच्या खिडकीतून दिसतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अशा जलाशयांभोवतीचं जंगल टिकलं तेही पाण्यामुळेच. पाणलोटात घरं-कारखाने झाले की पाणी नासतं आणि उतार उघडे पडले की गाळ थेट तलावात येतो. त्यामुळे शहरांनी हे डोंगर मोकळे ठेवले, झाडं लावली. हाँगकाँगने १९७६ मध्ये ग्रामीण उद्यानांचा कायदा केला. १९७७ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या तीन उद्यानांपैकी शिंग मुन आणि काम शान ही दोन जलाशयांभोवतीचीच आहेत.

पण डोंगर राखणं वेगळं आणि लोकांना बाहेर ठेवणं वेगळं. इंग्लंडमधल्या थर्लमिअर जलाशयाचं पाणी १८९४ पासून मँचेस्टरला जातंय, सुमारे १५५ किलोमीटर, एकही पंप न लावता, नुसत्या उताराने. किती देखणी करामत! पण त्या काठांवर लोकांना पुढे कित्येक वर्षं मज्जाव होता. मँचेस्टरजवळचा किंडर स्काउट डोंगर शिकारीसाठी राखलेला. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो तरुण हेफील्ड गावातून निघाले, किंडर जलाशयाच्या बाजूने वर गेले आणि मनाई मोडून डोंगरावर चढले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये तिथलंच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. आज थर्लमिअरच्या काठाने ५५५ क्रमांकाची बस धावते. हेलवेलिन डोंगराच्या पायथ्याला उतरा, ९५० मीटरचा माथा गाठा, पलीकडे अल्सवॉटर तलावाच्या बाजूला उतरा. गाडीवाल्याला हा बेत करताच येत नाही.

बस आली की गर्दी येईल, कचरा येईल, असं मला नेहमी ऐकवलं जातं. कचऱ्याची काळजी मलाही आहे. पण अशा ठिकाणची कोंडी बघा, ती कुणी केलेली असते? रस्त्याच्या दोन्ही कडांना लागलेल्या गाड्यांनी. बसमध्ये जागा मोजक्या असतात, वेळा ठरलेल्या असतात, माणसं टप्प्याटप्प्याने येतात. पीक डिस्ट्रिक्टमधल्याच डरवेंट खोऱ्यात वरच्या जलाशयांकडे जाणारा रस्ता फेअरहोम्सपासून पुढे शनिवार-रविवारी गाड्यांना बंद असतो. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना तो मोकळा. हा निर्णय सगळीकडे घ्यावा, आणि अडवलं तिथपर्यंत बस न्यावी. नुसतं अडवून भागत नाही. गाडी नसलेल्यांना आधीच अडवलेलं आहे.

एक इशारा कळकळीने देतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की रुंद, भेगाळलेला पट्टा उघडा पडतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. वरून कोरडा दिसला तरी खाली गाळ मऊच असतो. २०१८ मध्ये त्याच डरवेंट खोऱ्यातला लेडीबोवर जलाशय आटला, बुडालेल्या डरवेंट गावाचे अवशेष वर आले आणि बघ्यांची रीघ लागली. चिखलात रुतलेल्या एका माणसाला काढायला बचाव पथक बोलवावं लागलं. वाट वर आहे, वरच राहा. पाण्यात उतरू नका. उथळ कड संपते आणि पुढे बुडालेल्या दरीचा उतार एकदम खोल जातो, शिवाय खालचं पाणी थंडगार असतं. सांडव्याच्या खालच्या पात्रात कोरडं आहे म्हणून बसू नका, पाणी सोडलं की तिथे हालचालीला वेळ मिळत नाही.

तर मागणी काय करायची? सकाळी लवकर एक फेरी आणि अंधार पडायच्या आधी एक, एवढ्यावरही दिवसभराची वाट होते. पण त्या दोन फेऱ्या सुट्टीच्या दिवशी हव्यात. पुष्कळ डोंगरी मार्गांवर नेमक्या रविवारीच बस कमी होतात, कारण वेळापत्रक शाळा-कचेऱ्यांकडे बघून केलेलं असतं. थांबा धरणाच्या भिंतीपाशी एक आणि जलाशयाच्या वरच्या टोकाला एक असावा. वरचा नसेल तर वाट अर्धीच राहते. आणि शेवटच्या बसची वेळ वाटेवरच्या फलकांवर, उरलेल्या अंतरासकट लिहिलेली असावी. तीन किलोमीटर उरलेत आणि बसला तास आहे हे कळलं की माणूस धावत नाही, आणि धावला नाही की पडत नाही.

तुमच्या नळाचं पाणी कुठल्या डोंगरातून येतं आणि तिथवर बस जाते का, ते खाली लिहा. जात नसेल तर आपण मिळून परिवहन आणि पाणीपुरवठा अशा दोन्ही खात्यांना अर्ज करू. मसुदा मी लिहून ठेवलाय.