‘मांडव’ म्हणालात म्हणून

वाळवंटातल्या शर्यतीसाठी मी इथे अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये एक जुनी फोर्ड रेंजर पिकअप तयार करतोय. तिच्या केजवर, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यावर, लिहिलेल्या भागाखाली पुण्याच्या एका अभियंत्यांची प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या तिथे चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांच्या वाचनातून सुटली असेल त्यांच्यासाठी ती प्रतिक्रिया जशीच्या तशी (हूप म्हणजे केजची सीटमागची कमान, टॅब म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बोल्टने अडकवायची पट्टी, हार्नेस म्हणजे शर्यतीचा सीटबेल्ट):

“आपले लेख रंजक असतात, पण केजचे फोटो पाहून धक्का बसला. लग्नाच्या मांडवाला बांबू बांधावेत तशा नळ्या जोडल्या आहेत. शॉकचा वरचा टॅब एकेरी पट्टीवर आहे. मुख्य हूपमध्ये तिरपी नळी कुठे आहे? वेल्डची तपासणी कोणी केली? शेजारी कोणी बसणार असेल तर त्याला हे सगळं सांगितलं आहे का? हार्नेसवरची तारीखही उलटलेली दिसते. ग्रेड ८ च्या बोल्टवर सहा रेघा असतात, आठ नव्हेत. असो. हौसेला मोल नाही.”

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो, म्हणजे मी हेकट आहे असं कुणी म्हणायला नको. ग्रेड ८ च्या बोल्टच्या डोक्यावर सहाच रेघा असतात. ग्रेड ५ वर तीन. मी ‘आठ’ लिहिलं ते ग्रेडचा आकडा डोक्यात घोळत होता म्हणून. दुरुस्त केलंय. आभार.

आता मांडव.

साहेब, तुम्ही मांडव बांधताना कधी पाहिलाय का? जेवायला मांडवात जाणं वेगळं. माझ्या मामांचा गडहिंग्लजला मांडवाचा धंदा होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचे मंडळी फुकटचे मजूर. बांबूला बांबू भिडतो तिथे काथ्याचे वेढे घालायचे, मग त्या वेढ्यांना मधून आडवी आवळण द्यायची. मामा पाय लावून ती आवळायचे, आणि त्यांनी आवळलेली गाठ आम्हाला सोडवता यायची नाही, कापावी लागायची. वळवाचा वारा आला की अख्खा मांडव करकरायचा आणि उभा राहायचा, कारण सांध्याला थोडं हलायची मुभा असते. तुम्ही मला कमी लेखायला हा शब्द वापरलात, पण त्यात माझ्या मामांना कमी लेखलंत. हे तुमच्या लक्षातही आलं नसेल.

आणि केजमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे सांध्याने हलायचं नसतं. वाकायचं तर नळीने वाकायचं, सांधा सुटता कामा नये. त्यासाठी काय करावं लागतं ते सविस्तरच लिहितो, कारण फोटोत ते दिसत नाही आणि तुम्ही फोटोवरूनच निकाल दिलाय.

माझी नळी पावणेदोन इंच बाहेरून, भिंत १२० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. डी.ओ.एम. जातीची, म्हणजे आत दांडा घालून ओढून काढलेली, साधं पोलाद. वीस फुटांची एक लांबी साधारण १९ किलो भरते. (क्रोमोली, म्हणजे क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद, का नाही, असं आणखी दोघांनी विचारलंय. क्रोमोली जास्त भार सोसते हे खरं, पण त्याच मापाच्या नळीचं वजन तेवढंच आणि कडकपणाही तेवढाच. शिवाय तिच्यासाठी टिग वेल्डिंग बरं मानतात. माझ्याकडे मिग वेल्डिंगचं मशीन आहे आणि हात मिगवर बसलाय.) तर ही नळी सरळ कापून दुसऱ्या नळीवर टेकवली तर ती दोनच ठिकाणी टेकते, बाकी सगळी फट. म्हणून टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच घ्यायची. होल सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने, खाच पडते, पण कोन अर्धा अंश जरी चुकला तरी एका बाजूला फट राहतेच. मग अर्धगोल कानस. नळी जागेवर धरायची, मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा, उजेडाची रेघ दिसली की नळी काढून पुन्हा कानस. ड्रायव्हरच्या बाजूच्या ए-पिलरच्या, म्हणजे समोरच्या काचेलगतच्या खांबाच्या, नळीला मी हे पाच वेळा केलं. पाचव्या वेळी उजेड पूर्ण बंद झाला आणि कळलं की नळीच पाव इंच आखूड झालीय. ती भंगारात टाकली. दुसरी वाकवली, पुन्हा पहिल्यापासून. ते वाकवणंही एकदा करून बघा. नव्वद अंश हवे असतील तर दोन-तीन अंश पुढे जाऊन सोडावं लागतं, कारण दाब काढला की नळी मागे येते.

मग टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके. आधी अख्खा सांगाडा नुसत्या टाक्यांवर उभा करायचा, मापं घ्यायची, कर्ण जुळवायचे, आणि नंतर एकदा इकडे एकदा तिकडे असं करत पूर्ण वेल्ड मारायचे. एका बाजूने मारत सुटलात तर सांगाडा त्या बाजूला ओढला जातो. छताला लागून असलेल्या सांध्यांच्या वरच्या अंगाला वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही म्हणून मी केबिनच्या छताचा पत्रा कापून काढला, सांधे चहूबाजूंनी भरले आणि पत्रा परत बसवला. हे कुठल्या मांडववाल्याला करावं लागतं?

हे सगळं दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये. कपडे वाळवायच्या यंत्राचा २४० व्होल्टचा सॉकेट आहे, त्याच्यावर वेल्डिंग मशीन चालतं. म्हणजे मी वेल्ड मारतो त्या दिवशी घरातले कपडे ओले, आणि कपडे वाळतात त्या दिवशी मी कानस घासतो. आमच्या घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तो एक सॉकेट आहे.

‘गॅरेज’ हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत हे मान्य, पण रोख तोच आहे, ‘हौसेला मोल नाही’ या तीन शब्दांत. म्हणून सांगतो. हा खेळ उभा केला तो हौशी माणसांनीच. ब्रूस मायर्स हा बोटी बांधणारा माणूस. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला त्याने फोक्सवॅगनच्या सुट्या भागांवर फायबरग्लासची बग्गी बनवली. तिचं नाव ‘ओल्ड रेड’. तिच्यातून तो आणि टेड मँगेल्स १९६७ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतला बाहाचा द्वीपकल्प ३४ तास ४५ मिनिटांत पार करून आले. त्याआधीचा १९६२ चा विक्रम मोटरसायकलवाल्यांचा होता, जवळपास चाळीस तासांचा. १९६७ मध्येच पुढे तिहुआना ते ला पास अशी पहिली मेक्सिकन १००० शर्यत झाली आणि तीही मायर्सच्याच बनावटीच्या बग्गीने जिंकली, २७ तास ३८ मिनिटांत. आज ज्याला बाहा १००० म्हणतात ती हीच. ट्रॉफी ट्रकचा, म्हणजे या शर्यतींतल्या सगळ्यात महागड्या ट्रकचा, वर्ग आला १९९४ मध्ये, आणि तिथून पैसा इतका वाढला की आता वरच्या फळीतला एकेक ट्रक आमच्या भागातल्या घराच्या किमतीला जातो. माझी रेंजरही १९९४ चीच आहे. पुढच्या चाकांना फोर्डचे तेच जुने ट्विन आय-बीम, म्हणजे दोन चाकांना दोन वेगळे आडवे दांडे, जे १९६५ पासून त्यांच्या पिकअपना होते. एका चाकाचा बीम विरुद्ध बाजूला अडकवलेला, त्यामुळे चाक वर-खाली झालं की आत-बाहेर झुकतं. लोक हसतात त्याला. पण बीम कापून, कोन बदलून परत जोडला की वाळवंटात तो भलताच चिवट निघतो. त्यावर पुढे लिहिणार आहेच.

तुम्ही विचारता, वेल्डची तपासणी कोणी केली.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वाढलोय, साहेब. वडिलांचं वर्कशॉप होतं. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, पत्र्याची शेड, जे येईल ते. आठवीत असताना मी वेल्डिंगच्या ठिणगीकडे काचेशिवाय बघितलं आणि रात्रभर डोळ्यांवर किसलेला बटाटा ठेवून रडत बसलो. वडील म्हणाले, “आता शिकलास.” त्यांची तपासणी म्हणजे हातोडी. वेल्ड थंड झाला की त्यावर ठोका द्यायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर पुढे. बद्द आला तर ग्राइंडर. मी अमेरिकेत येऊन त्यात थोडी भर घातली. त्याच नळीचे तुकडे त्याच सेटिंगवर जोडायचे, मधून कापायचे, घासून चकचकीत करायचे आणि अ‍ॅसिड लावायचं, म्हणजे वेल्ड किती खोल उतरलाय ते डोळ्यांनी दिसतं. असे अकरा तुकडे केले. नऊ चांगले निघाले, दोनांत वेल्ड वरवर बसला होता, मग करंट वाढवला. तुकडा चांगला म्हणजे सांधा चांगला असं होत नाही, हे तुम्ही म्हणाल. म्हणा. लाल रंग फवारून भेगा शोधायची डबी आणून ठेवलीय, रंग देण्याआधी मारणार आहे. माझ्या मनात ते होतंच.

वडिलांचं नाव काढलंच आहे तर एक सांगतो, म्हणजे कळेल मी कुठल्या शाळेत शिकलो. एकदा गळीत हंगामात एक ट्रॉली चढावर ट्रॅक्टरपासून सुटली. ऊस भरलेली. माणूस कुणी मागे नव्हता म्हणून वाचलं, ट्रॉली ओढ्यात गेली. वडील सायकलवरून तिथे गेले आणि तुटलेला तुकडा पिशवीत घालून घेऊन आले. वेल्ड शाबूत होता. मोडली होती पट्टी. दांड्याची कडी एकाच पट्टीला पिनने अडकवलेली, दुसरी बाजू मोकळी. प्रत्येक धक्क्याला पिन वाकडी होत होती आणि पट्टी पिळली जात होती. त्यानंतर आमच्या वर्कशॉपमधून दोन पट्ट्यांशिवाय एकही कडी बाहेर गेली नाही. तो मोडका तुकडा गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलेला असायचा, गणपतीच्या फोटोशेजारी. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की वडील नुसतं बोट करायचे. अशा माणसाच्या हाताखाली मी शिकलोय. तेव्हा मला पाया शिकवायला निघण्याआधी समोरचा कोण आहे एवढं विचारायचं होतंत.

आता ‘असो’.

तांत्रिक मुद्दे लिहिलेत, चालेल. पण शेवटी ‘असो’ कशाला? ‘असो’ म्हणजे, मी बोललो असतो पण तुमची कुवत नाही. ‘असो’ म्हणजे बोलणं संपलं, आणि ते मी संपवलं. आमच्याकडे माणसाला शिवी द्यायची असली तर शिवी देतात, तो परत देतो, आणि मग दोघं मिळून चहाला जातात. तुम्ही ‘आपले लेख रंजक असतात’ म्हणून दार उघडलंत आणि ‘असो’ म्हणून तोंडावर आपटलंत. अडीच वर्षं मी रात्री मुलं झोपल्यावर त्या गॅरेजमध्ये उभा राहतोय. तुम्ही त्यावर किती मिनिटं घालवलीत? फोटो मोठे करून पाहिलेत हे मात्र दिसतंय. हार्नेसवरची तारीख मला स्वतःला चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

बाकीचं पटकन. तो हार्नेस एका मित्राचा जुना, सीटची मापं घेण्यापुरता लावलेला. नवा शर्यतीच्या तोंडावर घेणार, कारण त्यांची मुदत थोड्याच वर्षांची असते आणि मी ती गॅरेजच्या भिंतीवर घालवणार नाही. तिरपी नळी फोटोत नाही कारण फोटो काढला तेव्हा ती बसवलेली नव्हती. आता बसवली का, तर यायची आहे. शेजारी बसणारा माझा शेजारीच आहे, मूळचा मेक्सिकोतल्या मेहिकालीचा, तीस वर्षं पाइपलाइनवर वेल्डिंग केलेला माणूस. त्याला काय सांगायचं? तो रोज संध्याकाळी खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसतो, त्याला सगळं दिसतं.

आणि शॉकचा टॅब. यावर लिहिणार नव्हतो. वरची ट्रॉलीची गोष्ट लिहून झाल्यावर मी खाली गॅरेजमध्ये गेलो होतो. डाव्या बाजूचा वरचा टॅब एकाच पट्टीचा आहे, शॉकचा बोल्ट एका बाजूने धरलाय, दुसरी बाजू मोकळी. जागा अडचणीची होती, इंजिनाच्या हवेच्या नळीला लागत होतं, म्हणून तेव्हा तसं केलं आणि नंतर बघू म्हटलं. शेजाऱ्याला विचारलं, तुला हे दिसलं नव्हतं का? तो म्हणाला, दिसलं होतं, मला वाटलं तू तात्पुरतं केलंयस.

शनिवारी तो कापून काढतोय. दोन्ही बाजूंना पाव इंची पट्टी, मध्ये स्पेसर, आणि हूपवरून एक आधार. हवेची नळी वळवावी लागेल, त्यात रविवारही जाईल. पुढचा भाग, बीम कापण्याचा, त्यामुळे एक आठवडा उशिरा येईल. वाट पाहणाऱ्यांनी त्याबद्दल पुण्याकडे तक्रार करावी.

आणि साहेब, तिरप्या नळीचा फोटो टाकीन तेव्हा बघा. मोठा करून बघा. पण खाली ‘असो’ लिहू नका.