दलदलीत शहर वसवण्याचा सभ्य मार्ग

समुद्रकाठी एखादे शहर आपल्याही हातून वसावे, असे आपल्याला वाटत असेल, तर अभियांत्रिकीचे ग्रंथ चाळण्यात आयुष्य वाया घालवू नये. कार्ल फिशर या अमेरिकन गृहस्थाचे चरित्र अभ्यासावे. याने बाराव्या वर्षी शाळा सोडली. डोळ्यांच्या दोषामुळे त्याला लहानपणापासून नीट दिसत नसे. फ्लोरिडातल्या मायामी शहरासमोरच्या बेटावरील, तिवरांनी भरलेल्या, डासांनी घोंघावणाऱ्या खाजणाकडे पाहून याच माणसाला तेथे मायामी बीच दिसले. डोळे चांगले असलेल्या मंडळींना तेथे केवळ चिखल दिसला आणि ती आपापल्या घरी गेली.

आरंभ मात्र दुसऱ्याच्या कामापासून करावा. फिशर तेथे पोहोचला तेव्हा जॉन कॉलिन्स नावाचा पंचाहत्तरीला टेकलेला शेतकरी बेटावर आव्होकॅडोची लागवड करून बसला होता आणि मायामी आणि बेट यांमधल्या बिस्केन उपसागरावर सुमारे अडीच मैलांचा लाकडी पूल बांधत होता. पुलाचे दुसरे टोक दिसू लागले आणि नेमके तेव्हाच पैसे संपले. असे म्हातारे हुडकून काढणे हा आपल्या धंद्याचा कणा समजावा. फिशरने 50,000 डॉलर कर्जाऊ दिले आणि त्या उपकाराच्या बदल्यात 200 एकर जमीन स्वीकारली. 1913 साली पूल खुला झाला, 1915 साली नगराची रीतसर स्थापना झाली. कॉलिन्सच्या नावाचा रस्ता तेथे अजूनही आहे, त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हणू नये.

खिशात पैसे हवेत हे ओघाने आलेच, पण ते जमिनीतून मिळवलेले नसावेत. फिशरने मोटारींच्या ॲसिटिलीन वायूच्या दिव्यांत कमावले होते आणि इंडियानापोलिस शहरातली मोटारशर्यतीची धावपट्टी उभारण्यात पुढाकार घेतला होता. एकदा मोटार विकण्यासाठी तो ती फुग्याला टांगून, स्वतः आत बसून, शहरावरून तरंगत गेला. वजन कमी व्हावे म्हणून तिचे इंजिन आधीच काढून ठेवले होते, ही क्षुल्लक बाब त्याने प्रेक्षकांच्या कानावर घातली नाही. ज्याला बिनइंजिनाची मोटार खपवता येते, त्याला बिनजमिनीचे भूखंडही खपवता येतात.

जमीन नसेल तर ती समुद्राकडून घ्यावी. त्याच्याकडे सातबारा नसतो. तिवरे तोडावीत, उपसागराच्या तळातली वाळू उपसून पंपाने खाजणावर ओतावी, कुजलेल्या जलचरांची दुर्गंधी ओसरेपर्यंत गिऱ्हाईक लांब ठेवावे, वर एव्हरग्लेड्स या जवळच्या पाणथळ प्रदेशातली काळी माती पसरून गवत लावावे आणि निसर्गरम्य परिसर म्हणून जाहिरात द्यावी. हे कष्टाचे काम बव्हंशी कृष्णवर्णीय मजुरांकडून करून घ्यावे आणि त्या जमिनीवर त्यांना राहता येणार नाही अशी अट खरेदीखतात घालावी. फिशरच्या हॉटेलांत ज्यू पाहुण्यांनाही साधारणतः मज्जाव असे. नंदनवनाची किंमत त्याच्या फाटकाबाहेर कोण उभे आहे यावर ठरते, हे त्या काळच्या सभ्य समाजाला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

एवढे करूनही लोक येत नसतील, तर त्यांना आणणारा रस्ताच बांधावा. अमेरिकेच्या मध्य भागातून मायामीपर्यंत उतरणाऱ्या डिक्सी महामार्गासाठी फिशरने जिवाचे रान केले. रस्ता राष्ट्राच्या सेवेसाठी होता, आणि तो आपल्या भूखंडांच्या दाराशी येऊन थांबत असेल तर तो राष्ट्राचा मोठेपणा. हिवाळ्यात कुडकुडणाऱ्या न्यूयॉर्कमध्ये त्याने दिव्यांची पाटी लावली की मायामीत सध्या जून आहे. (मराठी वाचकाने येथे छत्री शोधू नये, तिकडचा जून म्हणजे ऊबदार ऊन.) पोहण्याच्या तोकड्या पोशाखातल्या तरुणींची छायाचित्रे वृत्तपत्रांना पुरवावीत आणि एक हत्ती पाळावा. 1921 साली, निवडून आलेले पण शपथ घ्यायचे बाकी असलेले अध्यक्ष हार्डिंग गोल्फ खेळायला आले, तेव्हा त्यांच्या काठ्या वाहायला रोझी नावाची हत्तीण हजर होती. हत्ती हे त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचेही चिन्ह, त्यामुळे छायाचित्र छापायला कोणत्या संपादकाने नकार दिला असता?

तेजी आली की जमीन पाहण्याची प्रथा बंद पाडावी. 1925 साली मायामीच्या रस्त्यांवर पोरे इसाऱ्याच्या पावत्या विकत होती आणि एकच पावती दिवसात अनेक हात बदलत होती. पुढे बांधकाम साहित्याच्या मालगाड्या रेल्वेने रोखल्या, जानेवारी 1926 मध्ये ‘प्रिन्झ वाल्देमार’ हे जहाज बंदराच्या तोंडाशीच उलटले, आणि 18 सप्टेंबर 1926 रोजी चक्रीवादळ आले. वादळाच्या मध्यातली शांतता म्हणजे वादळाचा शेवट, असे समजून नवखे रहिवासी घराबाहेर पडले आणि उरलेल्या अर्ध्या वादळात सापडले. तेथल्या हवामानाची माहिती माहितीपत्रकात द्यायची नसते.

अशा वेळी खचून जाऊ नये. त्याच चुकीची मोठी आवृत्ती दुसरीकडे काढावी. फिशरने न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंड बेटाच्या टोकाशी माँटॉक येथे सुमारे 10,000 एकर घेऊन उत्तरेतले मायामी बीच उभारायला घेतले होते. महामंदीने ते आणि तो, दोघांनाही बुडवले. 1939 साली तो वारला तेव्हा, स्वतः वसवलेल्या शहरातल्या एका साध्या घरात राहत होता. शहर मात्र तगून आहे. पाऊस नसतानाही भरतीचे पाणी गटारांतून रस्त्यावर येते, म्हणून नगरपालिका रस्ते उंच करते आहे आणि पंप बसवते आहे. समुद्र व्याजासह वसुलीला आला असेल, पण तोवर आपली कमिशने खर्चून झालेली असतात.

राहता राहिला नाव मागे ठेवण्याचा प्रश्न. मायामी बीचच्या जवळच, जहाजांसाठी खोदलेल्या कालव्यामुळे सुटे झालेले एक बेट आहे. डॅना डॉर्सी या मायामीच्या पहिल्या कृष्णवर्णीय लक्षाधीशाने ते कृष्णवर्णीयांच्या विश्रामस्थळासाठी घेतले होते. त्याच्याकडून ते फिशरकडे आले, आणि फिशरने ते एका आलिशान नौकेच्या बदल्यात धनाढ्य व्हँडरबिल्ट घराण्यातल्या एकाला देऊन टाकले. आज ते देशातल्या अतिश्रीमंतांचे खासगी बेट असून त्याचे नाव फिशर आयलंड आहे. तेथे जाण्यास पूल नाही. आपल्याला जायचे झाल्यास एखाद्या रहिवाशाचे निमंत्रण मिळवावे आणि नावेच्या धक्क्यावर ओळखपत्र तयार ठेवावे.