वळिवड्याचा अभिमान आणि हिरानगरचं कुलूप

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापुढे उभे राहिले, तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांच्या वॉलवर दुसरा विषय नव्हता. साहजिकच आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि पोरं, स्टालिनने सैबेरियात हाकललेली, तिथून इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं छावणीतच. (खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा, हे सांगायचं आपण हमखास विसरतो. असो, जागा आणि शेजार आपला होता.) ती माणसं गेली आणि फाळणीनंतर तिथे सिंधी आले, ते राहिलेच. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अर्धा जिल्हा तिथे जातो!

मग म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांचं नाव निघालं की याच वॉलवर "उचला आणि हाकला" कसं सुरू होतं?

६ मार्च २०२१ ला जम्मूत कागदपत्रं तपासायची म्हणून रोहिंग्यांना मौलाना आझाद स्टेडियमवर बोलावलं. त्यातली दीडशेवर माणसं घरी परतलीच नाहीत. त्यांची रवानगी हिरानगरच्या तुरुंगात झाली, पाटी मात्र 'होल्डिंग सेंटर'ची. अनेकांकडे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, कार्ड होतं. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख असते. यांना म्हणे परत पाठवेपर्यंत ठेवायचं. पाठवायचं कुठे? ज्या म्यानमारने १९८२ च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं, जिथल्या लष्कराने २०१७ मध्ये गावंच्या गावं जाळली आणि सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली, तिथे? मार्च २०२२ मध्ये एका बाईला खरंच पाठवलं. नवरा आणि मुलं जम्मूतच राहिली.

सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये सुटकेचा आदेश द्यायला नकार दिला, फक्त रीतसर प्रक्रियेशिवाय पाठवू नका म्हटलं. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे जीव मुठीत धरून पळालेला आणि चोरवाटेने आलेला तस्कर, दोघेही कायद्यापुढे बेकायदा परदेशीच.

"पोलिश लोक पाहुणे होते, परत गेले," असं कुणी म्हणेल. त्यातले कितीतरी पोलंडला गेलेच नाहीत, कारण तिथे स्टालिनचाच वरचष्मा होता. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात स्थिरावले.

आणि आजचं उदाहरण हवं तर मिझोराम बघा. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून मिझोंशी नातं असलेल्या चिन जमातीचे लोक यायला लागले. लोंढा थोपवा, असं केंद्राने सीमेवरच्या राज्यांना कळवलं. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगांनी उलट पंतप्रधानांनाच पत्र लिहिलं, की ही आमची भावंडं आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. चर्च, यंग मिझो असोसिएशन, गावकरी, सगळे कामाला लागले. तीस हजारांवर माणसं सामावली, राज्याने तात्पुरती ओळखपत्रंही दिली. रक्ताचं नातं होतं म्हणून सोपं गेलं, हे मान्य. पण नोंदणी करायला आणि ओळखपत्र द्यायला रक्ताचं नातं कशाला लागतं?

सुरक्षेचा प्रश्न रास्त आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर गुन्हा नोंदवा, कोर्टात उभं करा. बाकीच्यांना ओळखपत्र द्या, ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगा, काम करू द्या, पोरांना शाळेत बसू द्या. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळांसाठी निर्वासितांचा कायदा नसतानाही सरकारने वर्षानुवर्षं सोय केलेलीच आहे.