निवांत घाबरण्याची सोय

गेली तीस वर्षे मी मनापासून घाबरण्याचा प्रयत्न करीत आहे आणि सोलापूर मला घाबरू देत नाही. शेजारणी ज्या निष्ठेने मालिका पाहतात त्या निष्ठेने मी भयपट पाहते आणि भयकथा वाचते. या वेडाचे कारण मला कोणी विचारू नये. चांगल्या घरातल्या, दोन मुलांच्या आईला रात्री साडेबारा वाजता प्रेत का लागते, या प्रश्नाला माझ्याकडे सभ्य उत्तर नाही.

भीतीला काही साहित्य लागते : अंधार, पाऊस, एकांत आणि ऐन वेळी तोंडावर ओढून घ्यायला पांघरूण. यांपैकी पांघरुणाच्या बाबतीत आमच्या गावाने साऱ्या देशावर उपकार केलेले आहेत. सोलापुरी चादर एकदा डोक्यावरून घेतली की पिशाच तर सोडाच, घरातली माणसेसुद्धा आत शिरू शकत नाहीत. परंतु मुलांच्या परीक्षा संपून जागरण परवडू लागते तो महिना नेमका मे असतो, पारा त्रेचाळिसाच्या आसपास खेळत असतो आणि चादरीत शिरण्यापेक्षा भूत परवडले अशी अवस्था असते. एकदा मी हट्टाने शिरले. पडद्यावरची म्हातारी मान वळवेपर्यंत मी घामाने निथळत होते आणि आमच्या ह्यांना वाटले की चित्रपट फारच भयंकर आहे, म्हणून त्यांनी तो बंद केला.

पावसाचे दुखणे त्याहून जुने आहे. मराठी भुते बहुतेक कोकणात राहतात. ‘तुंबाड’ या चित्रपटात पाऊस थांबत नाही आणि तो खरा दिसावा म्हणून दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी एकामागून एक पावसाळे खर्ची घातले. ‘मुंज्या’लाही समुद्र, झाड आणि हिरवे रान लागले. आम्ही पर्जन्यछायेतली माणसे. ढग जसे सह्याद्रीवर मोकळे होऊन आमच्याकडे रिकाम्या हाताने येतात, तशी पिशाचेही तिकडेच संपत असावीत. सिंचनाच्या अनुशेषावर सभागृहात भाषणे होतात. भुतांच्या अनुशेषावर अजून कोणी तोंड उघडलेले नाही. अपवाद म्हणून २०१७ च्या ‘लपाछपी’चे नाव घ्यावे लागेल, कारण विशाल फुरिया यांनी भीती वाड्यातून काढून उसाच्या फडात नेली. ज्याने पंढरपूरच्या वाटेवर दुपारी बाराला एसटी बंद पडल्यावर दोन्ही बाजूंच्या उसाकडे पाहिलेले आहे, त्याला ऊन हे अंधाराइतकेच दाट असू शकते हे समजावून सांगावे लागत नाही. फुरियांनीच त्याचा पुढे ‘छोरी’ नावाने हिंदी अवतार काढला. तो अधिक गुळगुळीत आहे आणि म्हणून मला कमी झोंबला.

राहिला एकांत. आमच्या घरात सहा माणसे आणि अडीच खोल्या आहेत. २०२५ मध्ये आलेल्या ‘कॉन्ज्युरिंग’ या इंग्रजी भयपटमालिकेच्या शेवटच्या भागाबद्दल मला जिव्हाळा वाटला तो एवढ्याचसाठी, की त्यात पछाडलेल्या घरात आजी-आजोबा, आईवडील आणि चार मुली अशी आठ माणसे राहतात. एरवी ही इंग्रजी भुते जंगलातला बंगला आणि त्यातले एकटे जोडपे पाहून डाव साधतात. आठ माणसांच्या घरात न्हाणीघर रिकामे सापडणेसुद्धा कठीण. तिथे आपला कार्यभाग उरकणाऱ्या पिशाचाच्या चिकाटीला मी मनोमन हात जोडले.

घरात जमेना म्हणून चित्रपटगृहात जावे, तर तिथे आमचे गावकरी असतात. पडद्यावर दिवा फडफडतो, नायिका जिन्याकडे पाहते, संगीत थांबते आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, “मागं बघ बे, मागं!” नायिका मागे पाहत नाही. मग दुसरा तिला वेड्यात काढतो, तिसरा पुढे काय होणार ते सांगतो आणि भूत प्रत्यक्ष येते तेव्हा त्याचे स्वागत शिट्ट्यांनी होते. दोष प्रेक्षकांचा आहे असेही मला म्हणवत नाही. अलीकडचे चित्रपटच त्यांना तशी सवय लावत आहेत. ‘स्त्री’च्या दुसऱ्या भागात मुंडके नसलेला राक्षस बायका पळवून नेत असताना मला जितके हसू आले, तितके हसू येणे त्या राक्षसाच्या दृष्टीने बरे नव्हते. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ची सुरुवातीची काही मिनिटे मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, पुढे तो पोरगा इतका बोलका झाला की आमच्या गल्लीत सुटीच्या दिवशी क्रिकेट खेळणारी कार्टी मला त्याहून धोक्याची वाटू लागली. विनोद आणि भय एका ताटात वाढू नयेत असे माझे म्हणणे नाही. विनोद आधी हात मारतो आणि भयाच्या वाट्याला नुसती कडा उरते, एवढीच माझी तक्रार आहे.

दुसरी तक्रार दणक्यांची. शांत दृश्यात एकाएकी ढोल बडवला की माणूस दचकतो हे खरे. परंतु कुकरच्या शिट्टीनेही दचकतो आणि तिला कोणी दिग्दर्शन म्हणत नाही. माझ्यावर तर हा उपाय चालतच नाही, कारण माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या भिंतीला भिंत लावून गेले. रात्रभर खटखट चालू असताना आम्ही गाढ झोपत असू. मध्येच वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले की मात्र सारी गल्ली टक्क जागी होई आणि अंधारात कोणी काही बोलत नसे. ती शांतता मला पुढे एकाच अलीकडच्या चित्रपटात भेटली, ती मामूट्टींच्या ‘ब्रमयुगम’ या मल्याळी चित्रपटामध्ये. २०२४ साली कोणी कृष्णधवल चित्रपट काढतो, मोडकळीस आलेल्या एका वाड्यात मोजकी माणसे कोंडतो, एक म्हातारा पाहुण्याला फासे खेळायला बसवतो आणि एवढ्या भांडवलावर मला रात्री पाणी प्यायला उठताना सासूबाईंना सोबत न्यावेसे वाटते, याला मी कला म्हणते.

सासूबाई मात्र सोबतीला उपयोगाच्या नाहीत. त्यांचे माहेर अक्कलकोटकडचे, बोलणे अर्धे कानडी, आणि भीती हा पदार्थ त्यांच्या मुदपाकखान्यात कधी शिजलेलाच नाही. ‘तुंबाड’ २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा मी तो चित्रपटगृहात पाहिला आणि नंतर मोठ्या हौसेने घरी सर्वांना दाखवला. त्या कथेची एक मुळी भयकथाकार नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, हे सांगून मी वातावरणनिर्मितीही केली. नायक कणकेची बाहुली घेऊन विहिरीसारख्या त्या गर्भात उतरू लागला, आमचे हे उशीआड गेले आणि सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “अगं, ते उपाशी आहे. आधी त्याला पोटभर जेवायला घाला की. मग सोनं मागा.” संपूर्ण चित्रपटात कोणाला न सुचलेली गोष्ट त्यांनी मूठभर शेंगांत निकालात काढली. त्यानंतर हस्तर, म्हणजे ते सोने बाळगणारे उपाशी पिशाच, माझ्या डोळ्यांसमोर ताट घेऊन बसलेलाच येतो.

‘स्त्री’च्या बाबतीतही तेच घडले. भिंतीवर ‘उद्या ये’ असे लिहून पिशाचाला रोज परत पाठवायचे, ही युक्ती पाहून त्या म्हणाल्या, “हे तर आमच्याकडचं, नाळे बा.” नव्वदच्या दशकात कर्नाटकात घरांच्या दारांवर ही अक्षरे खरोखरच लिहिलेली असत, ‘नाळे बा’ म्हणजे उद्या ये. मी विचारले, “मग तुम्ही लिहिलं होतं का?” त्या म्हणाल्या, “आम्हाला कशाला? तुझ्या सासऱ्यांच्या दुकानात पाटी होतीच की, आज रोख उद्या उधार.”

तेव्हा आता माझी सारी भिस्त पुस्तकांवर आहे. पुस्तक ढोल वाजवत नाही आणि मागच्या रांगेतून ओरडत नाही. धारपांचा जन्म १९२५ चा. शताब्दीच्या निमित्ताने मी त्यांना नव्याने वाचायला घेतले आणि वाचनालयातून आणलेल्या पहिल्याच जीर्ण प्रतीत शेवटची दोन पाने नव्हती. त्या जागी कोणा पूर्वसुरीने पेन्सिलीने ‘सगळे मरतात’ असे लिहून ठेवले होते. रत्नाकर मतकरींची गूढकथा माझ्या विशेष आवडीची, कारण तिच्यातले संकट आपल्यासारख्याच दोन खोल्यांत, चहाच्या वेळी येते. नव्यांमध्ये हृषीकेश गुप्ते मला खरोखर घाबरवतात. त्यांच्या ‘हाकामारी’ने परवा माझा घात केला, आणि घराचाही.

रात्री बाहेरून हाक येते आणि ओ देणारा संपतो, ही हाकामारीची जुनी समजूत. त्या रात्री दोनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात, पंख्याखाली, पुस्तक हातात धरून एकटी बसले होते. आजवरच्या आयुष्यात न लाभलेली, म्हणजे लग्नाआधीची आणि नंतरची मिळून, अशी शांतता होती. कोपऱ्यातल्या नळाने खोल घशातून एक घरघर काढली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि मी धन्य झाले. इतक्यात दाराबाहेरून दबका आवाज आला, “वहिनी!”

लग्नानंतर मला नावाने हाक मारणारे कोणी उरलेले नाही, त्यामुळे हाकामारीला मी सापडणारच नाही असा माझा समज होता. तिने नाते जोडून यावे ही गोष्ट मला फार हिशेबी वाटली. “वहिनी, ओ वहिनी!” मी श्वास रोखला. तिसऱ्या हाकेला दाराची कडी हलली. मी दिवा मालवून ओट्याला चिकटून बसले आणि पावले दूर जाईपर्यंत हू की चू केले नाही. किती वर्षांनी इतकी सुंदर घाबरले होते!

सकाळी कळले की शेजारच्या काकू होत्या. चार दिवसांआड येणारे पाणी त्या रात्री अवेळी सुटले होते, पाऊण तास होते, आणि साऱ्या गल्लीचे पिंप भरून गेले होते. आमच्या पिंपात तळाशी एक तांब्या तरंगत होता. घरातली पाच माणसे माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तशी नजर एकाही दिग्दर्शकाला अजून जमलेली नाही.

दुपारी धाकट्याने खडू घेऊन नळावरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘नाळे बा’ लिहिले. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचले, खडू त्याच्या हातातून घेतला, ‘नाळे’ पुसले आणि म्हणाल्या, “उद्या कुठलं बाळा, आता शुक्रवारी.”