सायकल नेमकी कुठे कटकटतेय?

पंक्चरचं एक बरं असतं. हवा गेली, माणूस खाली उतरला, विषय संपला. सायकलीतून येणारा ‘कट्’ मात्र कुणाला थांबवत नाही, नुसता सोबत येतो. पेडलच्या दर फेरीला एक. सपाटीवर गप्प, चढ लागला की सुरू. सायकल स्टँडवर लावून हाताने पेडल फिरवावं तर असा गायब होतो, की मिस्त्री सायकल सोडून आपल्याकडेच संशयाने बघायला लागतो. त्याचंही चुकत नाही. दोन भागांमधलं ग्रीस सुकतं, बारीक माती शिरते, आणि जोर पडला की ते भाग एकमेकांवर केसभर सरकतात, अडकतात, सुटतात. त्या सुटण्याचा हा आवाज. स्टँडवर जोर कुणाचा पडणार?

मग आजूबाजूचा कुणीतरी जाणकार न वाकता निदान करतो, “बीबी गेली.” बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन क्रँकच्या (पेडल ज्यांना लावलेले असतात त्या दांड्यांच्या) मधलं, फ्रेमच्या पोटातलं बेअरिंग. ते दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कसलाही आळ घेता येतो. माझं म्हणाल, तर बीबीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. फ्रेमच्या नळ्या पोकळ, आणि पोलादातून आवाज हवेपेक्षा जवळपास पंधरापट वेगाने धावतो. सीटच्या नळीतली कुरकुर खुशाल पायाखालून आल्यासारखी वाटते. इथे कानाची साक्ष ग्राह्य धरू नये.

त्यापेक्षा हिशेब मांडावा. चालत्या सायकलीवर पेडल मारणं थांबवा. आवाज चालूच राहिला तर पेडल, क्रँक, बीबी सगळे निर्दोष सुटले. चाकं, हँडल, सीट यांच्याकडे बघा. थांबला तर मोजायला लागा. क्रँकच्या दर फेरीला, त्याच जागी? मग पेडल, क्रँक किंवा पुढच्या चक्राचे बोल्ट. जुन्या पद्धतीच्या क्रँकला कॉटर, म्हणजे तो आसावर पक्का धरणारी पाचर, असेल आणि तो ढिला झाला असेल, तर कट् नाही, चक्क ठक् येतो. दर फेरीला न येता दोन-तीन फेऱ्यांनी एकदा आला, तर चेनची एखादी कडी ताठ झालेली असते. ११० कड्यांची चेन आणि ४४ दात्यांचं चक्र धरलं, तर तीच कडी बरोबर अडीच फेऱ्यांनी परत येते. पेडल सावकाश उलटं फिरवून डिरेलरपाशी, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेपाशी, बघत बसा; जी कडी सरळ न होता उडी मारून जाते, ती चोर. थेंबभर तेल देऊन तिला हाताने आडवं, हलकेच वाकवलं की बहुतेक वेळा सुटते.

आता सीटवरून उठून पेडल मारा. आवाज गेला तर सीट किंवा तिची नळी. नळी पूर्ण बाहेर काढायची, पुसायची, फ्रेमचं तोंडही आतून पुसायचं, ग्रीसचा पातळ हात फिरवून परत बसवायची. उंचीची खूण आधी करून ठेवा, नाहीतर आवाज जाईल आणि गुडघे कुरकुरायला लागतील. कार्बनच्या नळीला मात्र ग्रीस नाही, तिची वेगळी पेस्ट मिळते. क्लॅम्प किती घट्ट करायचा ते त्याच्यावर न्यूटन मीटरमध्ये छापलेलं असतं, साधारण ५ ते ६. तो आकडा शोभेसाठी नसतो.

माझा पहिला संशय नेहमी पेडलवर. आटे कोरडे पडले की ती हमखास बोलतात. खरी करमणूक ती काढताना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि पाना हातात आला की कुणालाच आठवत नाही. मग माणूस सगळं वजन टाकून तेच पेडल आणखी घट्ट करतो आणि गंजाला शिव्या घालतो. डावं-उजवं विसरा. पाना पेडलवर उभा धरा, वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पेडल असंच सुटतं. त्याआधी चेन पुढच्या मोठ्या चक्रावर चढवून ठेवा. पाना सटकला, तर बोटांची सालटी दात्यांना लागण्यापेक्षा चेनचं काळं तेल लागलेलं परवडतं. आटे पुसा, ग्रीस लावा, सुरुवातीला हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर आटे तिरके बसलेत, तिथे जबरदस्ती केली की क्रँक गेला.

मागचं चाक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय चाक काढता येणाऱ्या आसाची, दांडी करंगळीने मिटत असेल तर ती ढिली आहे. अर्ध्यावर आली की जोर लागायला हवा आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर तिचा वळ दिसायला हवा. स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात तिथेही टिकटिक होते. तिथे थेंबभर तेल पुरतं, पण स्पोक ढिले नाहीत ना, तेवढं आधी दाबून बघा.

या सगळ्यात एकच पथ्य: एका वेळी एकच गोष्ट करायची, मग चालवून बघायचं. सगळीकडे तेलाचा फवारा मारणारे महाभाग असतात. त्यांच्या सायकलीला डिस्क ब्रेक असेल तर कटकट थांबते, कारण तेल लागलेल्या ब्रेक पॅडच्या किंकाळीत ती ऐकूच येत नाही. शिवाय ब्रेक लागत नाही, ते वेगळंच. आणि पाने काढण्याआधी एकदा खाली बघा. बुटाच्या नाडीचं टोक क्रँकवर आपटलं, की हुबेहूब बीबीसारखाच आवाज येतो.

एवढं करून सायकल गप्प झाली, की पहिल्याच खड्ड्यात बाटलीचा पिंजरा वाजतो. तो आधीही वाजत होताच, मोठ्या आवाजापुढे त्याचं कुणी ऐकत नव्हतं. त्याला ४ मिलिमीटरची ॲलन की लागते.