कोर्टात मान राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

साताऱ्याचं जिल्हा न्यायालय असो, वडूज असो नाहीतर सांगलीचं विजयनगर. खेड्यातनं आलेली माणसं कोर्टरूमच्या दारात चपला काढतात, आत जाऊन कमरेत वाकतात आणि साहेबांनी काही विचारलं की "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की यातलं काहीही करायची गरज नाही. न्यायाधीशांचा मान राखणं म्हणजे त्यांच्या कामात खोळंबा होऊ न देणं. हे आधी कुणी नीट सांगत नाही आणि पक्षकार नाहक भरडला जातो.

सुरुवात पुकाऱ्यापासून होते. शिपाई दारात येऊन नाव पुकारतो तेव्हा आपण चहाच्या टपरीवर असतो. दिवाणी दाव्यात वादी आणि त्याचे वकील दोघंही हजर नसले तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. प्रतिवादीकडून कुणीच नसेल तर काम एकतर्फा चालतं. फौजदारीत गैरहजर आरोपीवर वॉरंट निघतं. चेक बाउन्सच्या केसमध्ये फिर्यादीच आला नाही तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. म्हणून आदल्या दिवशीच ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (आपल्या केसचा अक्षरं-आकडे मिळून १६ खुणांचा ओळख क्रमांक) टाकून तारीख बघा, सकाळी बोर्डावर म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत आपला नंबर बघा आणि दाराजवळच थांबा. आजारी असाल तर वकिलांना आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे पुकाऱ्याच्या वेळी हजेरी माफीचा अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला त्यांच्या हातात असेल.

आतले रिवाज थोडकेच आहेत. न्यायाधीश आले की उठायचं, ते बसल्यावर बसायचं. काम चालू असताना आत जाताना-येताना मान किंचित झुकवली की पुरे. मोबाईल बंद ठेवायचा. परवानगीशिवाय फोटो किंवा रेकॉर्डिंग करायचं नाही. युक्तिवाद करणारे वकील आणि डायस (न्यायाधीश बसतात तो उंच मंच) यांच्या मधून जायचं नाही. "माय लॉर्ड" म्हणायची सक्ती कुठेच नाही. वकिलांची देशपातळीवरची संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्येच ठरवून दिलंय की खालच्या कोर्टात "सर" किंवा प्रादेशिक भाषेतलं तसंच संबोधन चालतं. आपल्याकडं साहेब किंवा मॅडम म्हणा आणि बिनधास्त मराठीत बोला.

खरी परीक्षा साक्षीच्या पिंजऱ्यात असते. "खरेदीखत झालं तेव्हा तुम्ही कुठं होता?" असं विचारल्यावर "त्याचं असं झालं साहेब, आमच्या थोरल्या चुलत्यांनी..." अशी सुरुवात करू नका. "दुय्यम निबंधक कार्यालयात होतो" एवढंच सांगा. नुसती मान हलवलेली टाइप होत नाही, "होय" किंवा "नाही" तोंडानं म्हणावं लागतं. एक वाक्य झालं की थांबा, टाइप करणाऱ्याचा हात थांबला की पुढं बोला. प्रश्न समोरच्या वकिलाचा असला तरी उत्तर न्यायाधीशांकडं बघून द्या. आपल्या वकिलाच्या तोंडाकडं बघत उत्तर दिलंत तर साक्ष पढवलेली वाटते. हरकत घेतली गेली की तोंड बंद, साहेबांनी सांगितल्यावरच उत्तर. परवानगीशिवाय खिशातला कागद काढून वाचायचा नाही. उलटतपासात वकील मुद्दाम डिवचतात, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. तिथं आवाज चढला की तुमची अर्धी साक्ष गेली. शेवटी जबाब वाचून दाखवतील तेव्हा कान देऊन ऐका. चूक असेल तर सहीच्या आधी सांगा, त्यात कसलाही अपमान नाही.

आता हद्द ओलांडली तर काय होतं तेही माहीत असू दे. चालू कामात न्यायाधीशांचा मुद्दाम अपमान केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ३८४ प्रमाणे कोर्ट उठायच्या आत ताब्यात घेऊन, बाजू मांडायची संधी देऊन १,००० रुपयांपर्यंत दंड तिथंच होऊ शकतो. आदेश पटला नाही म्हणून पिंजऱ्यातनं ओरडणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

पण माझ्या मते याहून मोठा अपमान म्हणजे ओळख काढून न्यायाधीशांचं चेंबर म्हणजे त्यांची खासगी खोली गाठायचा प्रयत्न करणं. "साहेब आमच्या पाव्हण्यांच्या ओळखीचे आहेत" असं कोर्टाच्या आवारात ऐकलं की मान खाली जाते. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांच्या खुनात खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं. त्या मातीतल्या लोकांनी न्यायाधीशाला वशिला लावावा? काय सांगायचं ते अर्जावर, उघड्या कोर्टात, वकिलांमार्फत सांगा.

आणि निकाल चुकला असं वाटत असेल तर त्यावर सभ्य शब्दांत टीका करायला कायद्याची आडकाठी नाही. निकालाची रास्त टीका म्हणजे बेअदबी नव्हे, हे १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. मात्र आधी त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाका. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आहे आणि नक्कल मिळायला लागलेला वेळ त्या ३० दिवसांत धरला जात नाही. तिथंही पटलं नाही तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात आहे, सातारा-सांगलीच्या अपिलांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.