संगत घडवतेही

मुलांच्या संगतीवरच्या एका लेखात 'संगतीने पोरं बिघडतात' एवढंच आलंय, ते मला अर्धंच पटलं. माझी मुलगी नववीत गणिताला घाबरायची. क्लास लावला, रागावलो, उपयोग शून्य. मग कोरेगावहून एसटीने येणारी एक मैत्रीण मिळाली. गाडी लागेपर्यंत दोघी सातारा स्टँडच्या बाकावर, वही मांडीवर घेऊन उदाहरणं सोडवायच्या. चुकलं तर ती हसायची नाही, "परत मांड" म्हणायची. तिथून आमची पोरगी आपणहून अभ्यासाला बसू लागली. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९२४ साली याच साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहून, राबून शिकली. मग आज शाळा 'हुशार' पोरांची तुकडी वेगळी का काढतात? शेवटच्या तुकडीतल्या पोराला "परत मांड" म्हणणारं कोण भेटणार?